स्मरणिकेतल्या तीन ओळी

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. विषय निघाला की मी दुसरीच सांगायचो. तुरुंगातल्या नाटकात राजा झालेल्या कैद्याचा मुकुट घसरला आणि पहाऱ्यावरच्या शिपायानं पळत येऊन तो नीट बसवला, ती. लोक हसायचे, एखाद्याचे डोळे ओले व्हायचे, कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घालायचं. माझ्या कपाटात अशा बऱ्याच शाली आहेत. त्यांतली एकही मी कधी पांघरली नाही. आता ऐंशी उलटली आहे. जे खरं आहे ते लिहून ठेवतो.

मी म्हैसूरला एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. पुढे कैद्यांपर्यंत कला नेणाऱ्या माणसांचं एक जाळं आम्ही उभं केलं. त्यात चित्रशिक्षक होते, नाटकवाले होते, गाणारे होते, एकदोन वकीलही होते. मी बारा वर्षं त्याचा प्रमुख होतो. आत जाऊन शिकवायचं खरं काम दुसरे करत. मी पत्रं लिहायचो, साहेबांना भेटायचो, पाहुण्यांना फाटकातून आत न्यायचो आणि भाषणं करायचो.

त्या पाहुण्यांची मला किळस यायची. ते चित्रासमोर उभे राहायचे आणि थोड्या वेळानं मान वळवून मला हळूच विचारायचे, "यानं काय केलं होतं?" हा निळा कसा साधला, हे कुणी विचारलं नाही. पण मी उत्तर द्यायचो, तेही आवाज खाली आणून, म्हणजे ते आणखी जवळ सरकायचे. तेव्हा किळस पाहुण्यांची वाटायची. आज ती माझ्या त्या खाली आणलेल्या आवाजाची वाटते.

तुरुंगातल्या आमच्या वर्गात एक गंजिफाकार होता. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेली खेळायची गोल पानं. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, घोटायचे, गोल कापायचे आणि रुपयाएवढ्या जागेत दशावतार उभे करायचे. तो माझ्याच वयाचा, आणि माझ्यासारखाच म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातला. त्याचे पूर्वज राजाच्या घोडदळात शिपाई होते. वाढला मंडी मोहल्ल्यात, पण तरुणपणीच शेती करायला पिरियापट्टणकडे गेला. तिथं भाऊबंदकीत चुलतभावावर त्यानं कोयता चालवला. जन्मठेप झाली.

शहरातल्या मराठी घरांत ही बातमी पोचली नव्हती. तो तिकडे तापानं गेला, असंच सगळे धरून होते. तसं त्याच्या मेव्हण्यानं पसरवलं होतं, आणि तेच सांगून म्हैसूरच्या एका शास्त्र पाळणाऱ्या घरात भाचीचं, म्हणजे याच्या एकुलत्या मुलीचं, लग्न लावून दिलं होतं. तिला मुलगा झाला. आईचे वडील गेलेले असले की नातवानं घटस्थापनेच्या सकाळी त्यांच्या नावानं पाणी सोडायचं, ही आमच्यातली रीत. त्या घरात ती दर वर्षी पाळली जायची.

हे त्यानंच मला सांगितलं. आत आम्ही दोघंच मराठी बोलणारे. शिपायांना कळायचं नाही, म्हणून तो मोकळा व्हायचा.

"नातू पाणी सोडतो मला," तो पान घोटत म्हणाला. "जिवंतपणी कुणाला मिळतंय हे, अल्वा मेष्ट्रे? इथल्या नळाला तर दुपारनंतर पाणीच नस्ते."

अल्वा मेष्ट्रे म्हणजे नाही का, मास्तर. मी हसलो. मग तो घोटायचा थांबला.

"पोरगी वर्षातनं दोनदा येते. घरी सांगते, सोसलेच्या मठात जाऊन येते म्हणून. कळलं तर तिचं येणं बंद. माझी पानं लावा तुमी प्रदर्शनात, माझी ना नाही. पण नाव नको, फोटो नको, वळख पटंल असं काही नको. अष्टे, एवढंच."

"आयतु, ठीक आहे," मी म्हणालो. "शब्द दिला."

त्या वर्षी कैद्यांच्या कामाचं प्रदर्शन दसऱ्यात भरवायचं ठरलं. उद्घाटन घटस्थापनेच्या संध्याकाळी. दसऱ्याला शहरात बाहेरचे लोक येतात, मोठे पाहुणे मिळतात, एवढाच त्यात विचार. स्मरणिकेतला मजकूर मीच लिहिला. इतरांच्या वाट्याला एकेक ओळ आली. त्याच्यावर तीन लिहिल्या. "ज्या हातात एकदा कोयता होता, त्या हातात आज कुंचला आहे. म्हैसूरच्या राजांच्या घोडदळातल्या मराठी शिपायांचा हा वंशज मंडी मोहल्ल्यात वाढला. वडिलांकडून घेतलेली गंजिफाची कला त्यानं तुरुंगातही मरू दिली नाही."

नाव नव्हतं. फोटो नव्हता.

छापायच्या आधी स्मरणिकेची पानं तपासायला आमची चित्रशिक्षिका बसली होती. आत जाऊन त्या सगळ्यांना खरं शिकवणारी तीच. ती कन्नड, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. तिनं त्या ओळींवर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "सर, तुमच्या लोकांत गंजिफा करणारी घरं किती?"

"एकच उरलंय," मी म्हणालो. आवाजात अभिमान होता, तोही आठवतो.

"मग?"

"मग काय? नाव कुठं दिलंय?"

 मग तिनं पेन्सिल उचलली आणि पान उलटलं.

तिचा प्रश्न मला कळला होता. कळला नाही असं मी पुढे अनेकांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण कळला होता. ती ओळ मला आवडली होती, आणि आपल्या मराठी माणसाची गोष्ट आपल्याच लोकांनी वाचावी असं फार वाटत होतं. इतकं की आमच्या मराठी मंडळाच्या घरोघरी मी स्वतः सायकलवरून प्रती पोचवल्या. त्याच्या मुलीच्या सासरीही दिली. सासऱ्यांनी मला बसवून कॉफी पाजली. उद्घाटनाला नक्की येतो म्हणाले, आणि प्रत न उघडता टेबलावर ठेवली.

उद्घाटनाला ते आले नाहीत. मी मात्र कोयत्याचं वाक्य माइकवर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा टाळ्या जास्त पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल उघडत होतो, तेव्हा पायरीवर एक बाई उभी होती. स्मरणिकेची गुंडाळी तिच्या हातात होती. बापाचं नाक, बापाचेच बारीक डोळे. सांगावं लागलं नाही.

"हे तुम्ही लिहिलं?"

"बसा ना आत येऊन."

"बसायला नाही आले. काल सकाळी माझ्या मुलानं त्यांच्या नावानं पाणी सोडलं. रात्री सासऱ्यांनी हे वाचून काढलं आणि मला समोर उभं करून विचारलं, जिवंत माणसाला पाणी सोडायला लावलंस माझ्या नातवाला? मी काय सांगू, सर? तुम्ही सांगा."

मी हॉलची किल्ली खिशात टाकली.

"घरात ठेवून घेतलंय मला. त्यांचा उपकार. पण देवापुढे हात ठेवायला लावला माझा. परत भेटायला जाणार नाही म्हणून." तिनं स्मरणिकेची गुंडाळी उलगडली. "माझ्या वडिलांना माहीत होतं का, हे छापणार म्हणून?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "नजरचूक झाली. छापखान्यात चुकून गेलं ते."

तिनं मान हलवली. विश्वास बसला म्हणून नव्हे, बोलणं संपलं म्हणून. स्मरणिका माझ्या टेबलावर ठेवून ती गेली. टेबलावर तसल्याच प्रतींचा ढीग होता. तिची प्रत मी त्याच ढिगावर सारली. तासाभरानं ती एका पाहुण्याला दिली.

मग मी आत गेलो. जाताना माफीचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तो जाळीपाशी आला. त्याला कळलं होतं. मुलीनं कुणाकडून तरी चिठ्ठी पाठवली होती.

"हे बघ," मी मराठीत सुरुवात केली.

"हेळी, सार," तो म्हणाला. सांगा, साहेब. मला तो कधी सार म्हणाला नव्हता.

मी पुन्हा मराठीत काहीतरी बोललो. त्यानं कन्नडमध्येच विचारलं, की काही काम होतं का. शेजारच्या शिपायाला आता सगळं कळत होतं. आमच्या दोघांमध्ये जी आडोशाची जागा होती, ती त्यानं काढून घेतली होती.

आणि काम होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. माझ्या पिशवीत एक कागद होता. दुसऱ्या राज्यातल्या एका प्रदर्शनानं त्याची पानं मागितली होती, त्यासाठी त्याची संमती हवी होती. मी माफी मागायला निघालो होतो आणि जाताजाता होऊन जाईल म्हणून तो कागद घेतला होता. तोंडातून माफी आली नाही. हात पिशवीत गेला.

"एल्लि सही माडबेकु?" त्यानं विचारलं. सही कुठं करायची. मी बोट ठेवलं तिथं त्यानं केली. अक्षर सुरेख होतं.

त्यानंतर त्यानं पानं केली नाहीत. शिक्षिकेनं रंग नेऊन दिले, ते त्यानं परत केले. काही महिन्यांनी तिनं आमचं काम सोडलं. मी सोडलं नाही. आणखी पाच वर्षं प्रमुख राहिलो, शाली घेतल्या, मुकुटाची गोष्ट सांगितली. त्याला भेटायला मात्र गेलो नाही. पाहुण्यांना घेऊन आत जायची वेळ आली की त्याच्या बराकीकडचा रस्ता टाळायचो. मुलगी पुन्हा आली नाही, हे मला तिथल्या एका शिपायाकडून कळत राहिलं. शिक्षा संपायच्या आधीच तो तुरुंगात वारला. या वेळी खरोखर.

त्याची मुलगी अजून म्हैसूरमध्येच आहे. सासूसासरे राहिले नाहीत, मुलगा परदेशी आहे. गेल्या वर्षी मी रिक्षा करून तिच्या दारापर्यंत गेलो. दार तिनंच उघडलं. केस पांढरे झालेले, डोळे तसेच. तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही.

"यारु बेकु?" तिनं विचारलं. कोण हवंय.

मी शेजारच्या घराचा पत्ता विचारला आणि जिना उतरलो.

बाई, ते छापखान्यात चुकून गेलं नाही. ते मी लिहिलं, मला विचारलं गेलं तेव्हा मी थांबलो नाही, आणि तुमच्या सासऱ्यांच्या हातात ते मीच नेऊन दिलं. तुमच्या वडिलांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी तुमच्यासाठी मला एकच गोष्ट मागितली होती. मला क्षमा करा असं म्हणायला मी तुमच्या दारात उभा होतो.