आमच्या घरी आलेलं मत्स्यव्यवसाय खातं

माझे सासरे मंत्री झाले तेव्हा मी अंबाजोगाईच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. मंत्रिमंडळ, खातेवाटप, सामूहिक जबाबदारी असं सगळं वर्गात फळ्यावर लिहून समजावून सांगायचे. घरात त्याचं काय होतं, ते त्या वर्षी पाहायला मिळालं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. साखर कारखान्याचे ते बरीच वर्षं चेअरमन होते, त्यामुळे त्यांना सहकार खातं मिळणार असं सगळे धरून चालले होते. दुष्काळ पडलेला होता, म्हणून काहीजण पाटबंधारे म्हणायचे. शेती मामांचे धाकटे भाऊ बघायचे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काकांनी तर पाटबंधारे गृहीत धरून कालव्याचं पाणी आपल्या रानात आणायला चारी कुठून काढायची तेही ठरवून टाकलं होतं.

खातेवाटपाची बातमी दुपारी टीव्हीवर आली. मामांच्या वाट्याला मत्स्यव्यवसाय आलं होतं. ओसरीवर हारतुरे घेऊन बसलेल्या माणसांना एकेक करून कामं आठवू लागली. आमचं घर लिंगायतांचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"मासे म्हणजे खायचेच ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"मग त्या खात्याची माणसं घरी आली तर जेवायला काय घालायचं?"

"आपलं नेहमीचंच," मी म्हणाले. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात मामा मुंबईहून आले. स्वागताला गर्दी बेताचीच होती. गावाच्या तलावावरच्या मच्छीमार सोसायटीची माणसं मात्र झाडून आली होती. त्यांच्या चेअरमन एक भोई समाजाच्या बाई होत्या. त्यांनी मामांना शाल दिली, चहा घेतला आणि मग विषय काढला. तलावातलं पाणी पिण्यासाठी राखीव ठेवलेलं असताना काठावर उसासाठी मोटारी चालू होत्या.

"पाणी माझ्याकडं नाही," मामा म्हणाले. "ते पाटबंधाऱ्याकडं. माझ्याकडं फक्त मासे."

"आमी तेच म्हन्तो साहेब. मासे मराय लागलेत."

"कुणाच्या मोटारी हायत?"

बाईंनी सरळ उत्तर दिलं नाही. "तुमी एकदा येऊन बघा," एवढंच म्हणाल्या.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. मीही गाडीत होते, कारण पुढे मला कॉलेजला सोडायचं होतं. तलावाचा बराचसा भाग भेगाळलेला होता. मधल्या डबक्याच्या कडेला पांढरी पोटं वर करून मासे पडलेले होते, वासानं उभं राहवत नव्हतं. मोटारींमध्ये सगळ्यात मोठी आमची होती. काका तिथेच उभे होते.

"ही काढ," मामा म्हणाले.

"कावून? ऊस वाळल की. कारखान्याला काय घालायचं?"

"गावाला प्यायला पाणी न्हाई राहणार."

"तुजं खातं माशाचं हाय. पाण्याचं बोलायला तुला कुणी सांगितलं?"

मुंबईला जाऊन मामा पाटबंधारे मंत्र्यांना भेटले. त्या मंत्र्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या खात्यात लक्ष घालू नये असं सुचवलं. परत आल्यावर मामांनी वायरमनला बोलावलं आणि काका बाजारला गेलेले असताना आमची मोटार काढून ट्रॅक्टरमध्ये घातली. ड्रायव्हरला हातभार लावायला ते स्वतः धोतर खोचून चिखलात उतरले होते. मग तलावाच्या दोन्ही काठांवरच्या उसवाल्यांनी कुरकुरत आपापल्या मोटारी उचलल्या. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. प्रशासनाचा आदेश त्यानंतर आला.

काकांचा ऊस वाळला. त्यांनी वेगळी चूल मांडली. कारखान्याच्या निवडणुकीत ते मामांच्या विरोधातल्या पॅनलमधून उभे राहिले आणि मामांचं पॅनल पडलं. जिल्ह्यात ज्याच्या हातात कारखाना नाही, त्याला मंत्रिमंडळात ठेवून उपयोग काय, असा हिशोब वरच्यांनी केला असावा. पुढच्या फेरबदलात मामांना वगळलं. मला ते अन्यायाचं वाटलं, असं मी जेवताना बोलून दाखवलं.

"तू पोरांना काय शिकवतीस?" मामांनी विचारलं. "मंत्री कुणाच्या मर्जीवर असतो?"

"कागदावर राज्यपालांच्या, खरं तर मुख्यमंत्र्यांच्या."

"मग झालं तर." त्यांनी भाकरी मोडली आणि सासूबाईंकडे ताक मागितलं.

मोटारी निघाल्यामुळे तलावातलं पाणी टिकलं आणि गावाचे टँकर त्या उन्हाळ्यात बरेच उशिरा सुरू झाले. पाऊस पडल्यावर तलाव भरला आणि नव्या मंत्र्यांच्या हस्ते मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम ठरला. सरकारकडून मामांना बोलावणं नव्हतं. सोसायटीच्या बाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. मामा मला घेऊन गेले, मंडपात मागच्या बाजूला बसले. काका पहिल्या रांगेत होते. दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. निघताना मामांनी बाईंना विचारलं, "हे मोठे व्हायला किती दिवस लागतात?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होत्याल," त्या म्हणाल्या. मामांनी मान हलवली आणि आम्ही घरी आलो.