गाड्याची वर्दी

अत्तारसाहेब कोणालाही भेटले की पहिल्यांदा "पाणी कुठलं पिता?" असं विचारत. बरं आहे का, पोरंबाळं कशी, हे सगळं नंतर. मी शिवेवरच्या नाक्यावर शिपाई म्हणून रुजू झालो त्या दिवशी मलाही त्यांनी हेच विचारलं. मी ओढ्याकडं बोट दाखवलं. ते म्हणाले, "वडा तर तिकडनं येतोय. तिकडची माणसं उकळून पाठवत्यात व्हय रं तुला?"

ते संस्थानच्या आरोग्यखात्यात इन्स्पेक्टर होते. सायकल, खाकी टोपी, कॅरिअरला विहिरीत टाकायच्या लाल औषधाचा डबा. मी म्हसवडकडचा, चौथीतून शाळा सोडलेला, बायकोला घेऊन पोटासाठी लांब आलेला. या मुलखात आमचं कोणी नव्हतं. ओढ्याच्या अलीकडं संस्थान, पलीकडं खालसा, म्हणजे इंग्रजी मुलूख, सातारा जिल्हा. साथीचा कायदा दोन्हीकडं होता, पण शिवेपलीकडं कळवा असं एकातही नव्हतं. पलीकडच्या गावात पटकी, म्हणजे कॉलरा, लागली की तिथला कागद साताऱ्याला जायचा, तिथून फिरत फिरत आमच्या दरबारात, आणि मग आमच्याकडं. तोवर मेलेल्याचं बारावं होऊन जायचं.

त्या कागदाच्या आधी यायचा तो मरीआईचा गाडा. पटकी लागली की गावकरी लाकडी गाड्यावर देवी बसवत, हिरवं लुगडं, लिंबू, नारळ ठेवत आणि गाडा शिवेपार नेऊन सोडत. रोग पुढच्या गावाला गेला, अशी समजूत. पुढचं गाव त्याच्या पुढच्या शिवेवर ढकलायचं.

साहेबांनी दोन्ही मुलखांसाठी एकच नियम लिहिला. एकीकडं पटकी लागली की त्याच दिवशी दुसरीकडं वर्दी, म्हणजे खबर, आणि दोन्हीकडचे बाजार बंद. शिवेवर गाडा दिसला तर तीच वर्दी धरावी. गाड्याला कोणी हात लावला तर दंड, नोकर असल्यास बडतर्फ. खात्यातले लोक हसले. "अत्तार, मरीआईचं वकीलपत्र तुला कुणी दिलं?" साहेब म्हणाले, "तिला संस्थान-खालसा कळत न्हाई. तिचं एवढं एक मला पटतं."

सहा महिने अजमावून बघायला दोन्हीकडून परवानगी मिळाली. साहेबांनी नाक्यावर येऊन माझ्याकडून वदवून घेतलं.

"गाडा दिसला तर?"

"ठाण्यात वर्दी द्यायची."

"आन् गाड्याला हात?"

"लावायचा न्हाई."

"देवी हाय म्हणून न्हवं रं गड्या. हात धुवायला तुझ्याकडं त्योच वडा हाय म्हणून."

भाद्रपदातल्या एका मंगळवारी सकाळी दार उघडलं तर गाडा समोर. बायकोला आठवा महिना होता, ती आत झोपली होती. मी इकडंतिकडं पाहिलं. मग गाड्याला खांदा लावला आणि ओढ्यातून पलीकडं ढकलून आलो. हात धुतले. वर्दी दिली असती तर गाडा कुठं गेला हेही सांगावं लागलं असतं. मी ठाण्याकडं गेलोच नाही.

बुधवारी बाजार भरला. पलीकडची माणसं आली, आमच्या विहिरीवर घागरी बुडवून गेली. शनिवारी हौसाक्का गेली. ती भाजी विकायची. माझी बायको अवघडलेली म्हणून रोज चुक्याची एक जुडी नाक्यावर टाकून जायची, वर म्हणायची, "पोरगं झाल्यावर दाखव म्हंजे झालं." तिच्यामागं तिचा जावई गेला. मला काहीच वाटलं नाही. गाडी आली की मी बांबू वर करत होतो, गेली की खाली करत होतो.

साहेब घरोघर लस टोचत फिरत होते. सोमवारी नाक्यावर आले आणि बाकावर बसले.

"पलीकडचा पाटील म्हणतोय गाडा सोडला. हितं कवा आला?"

"मंगळवारी. सकाळी."

"मग?"

"ढकलला."

त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"हौसाक्का तुला भाजी द्यायची न्हवं?"

"व्हय."

"सांगितलं का न्हाईस?"

"भ्या वाटलं. देवीचं न्हवं साहेब, तुमच्या कागदाचं."

त्यांनी खिशातून तो मसुदा काढला, मांडीवर ठेवला आणि दंडाची ओळ खोडली. म्हणाले, "शिक्षा लिवली की माणूस रोग झाकतोय. एवढं माझ्या ध्यानात यायला हौसाक्का जावी लागली." मग उठले. "घरात पाणी उकळतोस?"

"व्हय."

"उकळत जा."

त्यांच्या अहवालात माझं नाव नव्हतं. नोकरी राहिली. मला मुलगी झाली. पुढच्या उन्हाळ्यात साहेब वारले, साध्या तापानं. त्यांच्या मातीला गेलो, उभा राहिलो, परत येऊन नाक्यावर बसलो. नियम त्यानंतर पक्का झाला. तो फार दिवस चालला नाही, कारण संस्थानं विलीन झाली आणि आमची शीवच पुसली गेली. पण तोवर तो कागद नाक्याच्या भिंतीवर होता. मीच खळ लावून चिकटवला होता आणि अक्षर अक्षर लावून वाचला होता. "गाडा हलविणाऱ्या कोणाही इसमाने आपण होऊन वर्दी दिल्यास त्यास शिक्षा होणार नाही."

येणारेजाणारे वाचायचे आणि विचारायचे, हे कलम कुणासाठी घातलंय? मी म्हणायचो, सरकारी भाषा आहे, कुणासाठी म्हणून नाही.

तो इसम मी.