कानाचं मशीन आणि तीन मासे

माझे बाबा चाळीस वर्षं लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर होते. आधी कारागीर, मग मेकॅनिक. कामतघरच्या ज्या कारखान्यात ते होते, तिथे बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागायचं. रिटायर झाले तरी ते घरात तसेच ओरडत राहिले. "चहा टाक गं!" एवढं म्हणाले तरी खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारायची, सगळं ठीक आहे ना. त्यांना ऐकूच कमी येतंय, हे आमच्या लक्षात यायला फार उशीर झाला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ओळखीच्या डॉक्टरांकडे नेऊन, तपासण्या करून मी त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं. त्यांनी ते चार दिवस घातलं आणि डबीत घालून ठेवलं.

"का काढलंत?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"त्याच्यात माणूस कमी नि लूमच जास्ती ऐकू येतो," ते म्हणाले. "चाळीस वरसं ऐकला. आता घरात बसून पन तोच ऐकू?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांच्या चाळीच्या दोन्ही बाजूंना कारखाने आहेत, भिंतीला हात लावला तर हाताला थरथर लागते. पण मला राग आला आणि तो मी बरेच महिने धरून ठेवला. राग माझ्यासाठी नव्हता, माझ्या मुलीसाठी होता. ती नऊ वर्षांची, आवाज इतका बारीक की शाळेतल्या बाईसुद्धा "मोठ्यानं बोल" म्हणून थकल्या. आजोबांना काही सांगायचं तर तिला तीन-तीनदा सांगावं लागे. मग ती हातवारे करू लागली आणि पुढे पुढे तेही सोडलं. आजोबांकडे गेली की कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसायची.

त्याच वर्षी तिची एक मैत्रीण तलावाकाठी तंबूत राहून आली आणि आमच्या घरी रोज तोच विषय सुरू झाला. माझा नवरा गोदामात सुपरवायझर आहे. त्याने कामावरच्या एका मित्राचा तंबू मागून आणला. जायचं कुठे, एवढंच ठरायचं होतं. आईने बाबांच्या कानात ओरडून सांगितलं, "पोरीला नदीवर राहायला न्यायचंय!"

बाबा हसले. "मग त्याला विचार कसला? माझी बहीन हाय की."

माझ्या आत्याचं शेत वज्रेश्वरीच्या अलीकडे, तानसा नदीला लागून आहे. बाबांचं लहानपण त्याच काठावर गेलं. दुसऱ्या दिवशी ते कुठूनतरी बांबूच्या तीन काठ्या घेऊन आले. त्यांना नायलॉनची दोरी आणि गळ बांधला, आणि पाण्यावर तरंगायला मोरपिसाची पांढरी दांडी लावली. हे सगळं करताना त्यांचा चेहरा खूश होता.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. पळसाची फुलं संपत आली होती, सागाची पानं गळून काठावर जाड थर साचला होता. नवरा तंबू उभारायला लागला. बाबांनी ओलसर मातीतून गांडुळं काढली, नातीला शेजारच्या खडकावर बसवलं, तिच्या हातात काठी दिली आणि गर्जना केली, "पाण्यावर कोनी बोलायचं न्हाय! आवाजानं मासा पळतो!"

पलीकडच्या काठावरचे दोन बगळे उडून गेले.

"तुमच्याच आवाजानं पळाला असेल," आई म्हणाली. त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही.

मग ते नातीच्या पाच-सहा पावलं पुढे, पाण्यात पाय सोडून, तिच्याकडे पाठ करून बसले. मी आणि आई सरपण गोळा करायला बांधावर गेलो. तिथून मला दिसलं, की मुलीची काठी वाकलीय. ती दोन्ही हातांनी काठी धरून मागे रेलली होती आणि तिचे ओठ हलत होते. बोलायचं नाही असं सांगितलं होतं, म्हणून ती दबक्या आवाजात हाका मारत होती. मी लाकडं टाकून धावले. मी पोचेपर्यंत दोरी खडकाला घासून तुटली. बाबांनी मागे वळून पाहिलं, तेव्हा तिच्या हातात नुसती काठी होती.

"मी हाक मारली," ती म्हणाली.

"काय?"

"मी तुम्हाला हाक मारली, आजोबा. कितीतरी वेळा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी गोड करून सांगता आलं असतं. पण मी त्यांच्या कानाशी वाकले आणि जसंच्या तसं सांगितलं. "ती तुम्हाला हाका मारत होती. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. ती बाजूला सरकली आणि तंबूकडे निघून गेली. बाबा बराच वेळ नवा गळ बांधत बसले. संध्याकाळी आम्ही चुलीवर अंडी आणि भाकरी केली. मला आपल्या बोलण्याचा पश्चात्ताप होत होता आणि नव्हताही.

सकाळी उजाडल्यावर मी तंबूतून डोकं बाहेर काढलं. आई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

"मशीन आनलंस का गं?" त्यांनी विचारलं.

मसाल्याच्या पिशवीत हात घालून आईने ती डबी काढली. मला नंतर कळलं, की ती डबी वर्षभर तिच्यासोबत फिरत होती. लग्नाला गेली तर पर्समध्ये, दवाखान्यात गेली तर कागदांच्या पिशवीत. त्यांना ती एकदाही म्हणाली नव्हती, की घाला.

तिनेच ते त्यांच्या कानात बसवलं. बाबा उठले आणि नदीकडे निघाले. चार पावलं गेले आणि गर्रकन मागे वळले.

"कोन आलं?"

"कोणी नाही," आई म्हणाली.

ते पुन्हा एक पाऊल चालले आणि थांबले. खाली पाहिलं. सागाची वाळलेली पानं त्यांच्याच पायाखाली वाजत होती. मग माझे बासष्ट वर्षांचे बाबा त्या पानांवरून तिकडे गेले, इकडे आले, पुन्हा तिकडे गेले. मी तोंडात ब्रश धरून बघत उभी राहिले. वर झाडात तांबट पक्षी टुक टुक करत होता. बाबांनी मान वर केली. "लूम चालू हाय वाटलं मला," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मुलगी उठली तेव्हा ते खडकावर बसलेले होते. त्यांनी तिला हाताने बोलावलं. "ये. आता हळू बोललीस तरी चालंल."

तिचा विश्वास बसला नाही. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, तुमच्या कॉलरवर गांडूळ आहे."

बाबांनी दचकून कॉलर झटकली. तिथे काहीच नव्हतं. ती इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं.

त्या सकाळी आम्हाला तीन मासे मिळाले. दोन चिलाप्या बाबांना. माझ्या नवऱ्याच्या गळाला एक चप्पल लागली, ती त्याने सन्मानाने बाजूला ठेवली. ऊन चढायला लागलं तेव्हा मुलीच्या मोरपिसाने बुडी मारली.

"आजोबा," ती कुजबुजली.

बाबा तिच्या बाजूलाच होते. "वढू नको," ते तितक्याच हळू म्हणाले. "खाऊ दे त्याला. थांब. थांब. आता!"

हातभर नाही, वीतभर शिंगटी होती. तिला काटा असतो म्हणून बाबांनी ती फडक्यात धरून सोडवली आणि मग नातीच्या हातात दिली.

आईने सपाट दगडावर लसूण, मिरची, कोथिंबीर आणि आत्याच्या झाडाची कैरी वाटली. चिलाप्यांना ते वाटण चोळून त्या पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात ठेवल्या. शिंगटीचं कालवण केलं. पानं वरून जळून काळी झाली. उघडली तर आत मासा पांढराशुभ्र, वाफ येत असलेला. पहिला घास मुलीला, असं आईने जाहीर केलं.

जेवताना मुलीचे प्रश्न संपेनात. तुम्ही पहिला मासा कधी पकडला? कोणी शिकवलं? घरी ओरडले का? बाबा सांगत होते, की मोठी पोरं त्यांना गळ देत नसत, म्हणून त्यांनी आईची टाचणी चोरून वाकवली होती. मिळालेला मासा लपून भाजला, तो निम्मा जळाला नि निम्मा कच्चा राहिला, तरी सगळा खाल्ला. ते हळू बोलत होते, मध्येच थांबत होते, स्वतःच्या बोलण्याकडे कान देत होते. मी भात कालवता कालवता थांबले. बाबांचा साधा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तो थोडा घोगरा होता आणि शेवटाकडे वर जात होता, अगदी माझ्या मुलीच्या आवाजासारखा.

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा गल्लीत शिरताच बाबांनी मशीन काढून डबीत ठेवलं. या वेळी मला राग आला नाही.

आता ते शुक्रवारी घालतात. शुक्रवारी आमच्या भागातले लूम बंद असतात. मुलगी शाळेतून परस्पर तिकडेच जाते. गेल्या शुक्रवारी तिला आणायला गेले, तर दोघं गॅलरीत बसून वाद घालत होते. यंदा नदीवर गेलं की त्याच खडकावर बसायचं की थोडं खाली, वळणाजवळ, जिथे पाणी खोल आहे. मला कोणीच विचारलं नाही. मी आत जाऊन आईजवळ चहा पीत बसले.