समोरच्या दारातलं चर्च
आल्याचा काढा उकळायला लागला की मला चंदीगडचं सरकारी क्वार्टर आठवतं. पंजाबातले दहशतवादाचे दिवस होते ते. समोरची केरळची बाई आम्ही आलो त्याच महिन्यात बदलीवर आलेली, माझ्यासारखीच परकी. ती तापाने पडली आणि कर्फ्यू तासभर शिथिल झाला तशी तिच्याकडे माणसांची रीघ लागली. कोणी काढा उकळत होतं, कोणी केर काढत होतं, एका पंजाबी म्हातारीने तर तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "इतने रिश्तेदार?" मी दारातूनच विचारलं. "नहीं जी, चर्च आया है," म्हातारी म्हणाली. मला चर्च म्हणजे इमारत ठाऊक, आणि त्या इमारतीला तर कर्फ्यूमुळे कुलूप होतं. मी घरी येऊन दार जरा जोरातच लावलं. आपल्यालाही ताप यावा असं वाटलं. मग वाटलं, आला तर कोण येईल? अजूनही अंगात कणकण आली की मी आधी दाराकडे बघते.