ओडिल खांबावर चढते

खेकड्याच्या कारखान्यात ओडिल डेव्होने शाळा सुटल्यापासून काम केलं होतं. उभं राहून नांग्या फोडायच्या, हंगाम संपला की घरी बसायचं. शेतिकॅम्प या मासेमारीच्या गावातल्या निम्म्या बायकांचं आयुष्य असंच चाललेलं. पण ओडिलला पहिल्यापासून उंचावर चढायची भारी हौस. बापाच्या बोटीच्या डोलकाठीवर ती माकडासारखी सरसर चढायची. त्यामुळे केबल कंपनीला किनाऱ्यावर खांबांवर चढून तारा जोडायला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा तिने आधी अर्ज केला आणि मग नवऱ्याला सांगितलं.

"डोंगरावरून सुसाट येणाऱ्या सुएत वाऱ्यात इथं घरांची छपरं उडतात," रेनाल्ड म्हणाला. "आणि तू खांबावर चढणार?"

"छपराला सुरक्षेचा पट्टा नसतो. मला असेल."

त्याच बेटावरच्या सिडनी शहरात प्रशिक्षण झालं. शिकवणारा हेक्टर मॅकलेलन, उंचापुरा, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी खांबाच्या टोकाला पोहोचल्यावर ओडिलने खाली पाहिलं. तिने खांबाला घट्ट कवटाळलं.

"अगं, तो तुझा नवरा नाही!" खालून हेक्टर ओरडला. "सोड त्याला! पट्ट्यावर भार टाक आणि मागे रेल."

डोळे मिटून ती मागे रेलली. पट्ट्याने तिला झेललं. दोन्ही हात मोकळे झाले आणि ती तिथे वरच खदखदून हसत सुटली. त्या रात्री तिला झोप लागली नाही, ती आनंदाने.

पुढे काही आठवडे ती हेक्टरच्या हाताखाली फिरली. मग एका सकाळी त्याने व्हॅनची किल्ली तिच्याकडे भिरकावली. "जा. अडलीस तर फोन कर. नाही अडलीस तर करू नकोस, मला डुलकी काढायची आहे."

पहिलंच घर निघालं सिमोन मावशीचं. मावशी म्हणजे गावातली सगळ्यात धारदार जीभ. दारातूनच तिने ओडिलच्या मागे डोकावून पाहिलं.

"केबलवाला कुठाय?"

"मीच आहे, मावशी."

"तू? अल्फॉन्सची पोर? आमच्या सफरचंदाच्या झाडावरून पडली होतीस तीच ना?"

"पडले नव्हते. उडी मारली होती."

"हो का! मग आज उडी मारू नकोस म्हणजे झालं."

बाहेर वारा उठला होता. वरच्या तारा शिट्ट्या मारत होत्या. ओडिलचे हात चढायला शिवशिवत होते, पण तिने वारामापकाने वारा मोजला आणि शिडी व्हॅनवरच राहू दिली. एवढ्या वाऱ्यात चढायचं नाही, हा नियम होता.

"घाबरलीस?" मावशीने टोमणा मारला.

"वारा पडेपर्यंत आतलं काम उरकते," ओडिल म्हणाली.

भिंतीतून वायर बाहेर काढायची होती. तिने माप घेतलं, ड्रिल लावलं, भोक आरपार गेलं. खुशीत ती बाहेर जाऊन पाहते, तर भिंतीवर भोकच नाही! तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशीची किंकाळी आली. भिंतीपलीकडे स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली होती, आणि ड्रिल थेट फळीवरच्या पिठाच्या पिशवीत घुसलं होतं. पिठाची धार लागली होती. धारेखाली मावशीचं मांजर, पांढरंफटक, शिंकत उभं.

ओडिलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मावशी, मी भरून देते, भोक बुजवते, सगळं..."

मावशी मांजराकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती खुर्चीत कोसळून हसली. "माझा नवरा गेल्यापासून या घरात एवढी मजा झाली नव्हती गं! ये, आधी चहा घे."

ओडिलने भोक बुजवलं, पीठ झाडलं, पुन्हा माप घेतलं. या वेळी दोनदा. दुसरं भोक नेमक्या जागी निघालं.

दुपारी वारा पडला. तिने परत मोजला आणि मग शिडी लावून, पट्टा बांधून खांबावर चढली. वर पोहोचल्यावर मागे रेलली. समोर सगळा समुद्र पसरला होता, बंदराकडे परतणाऱ्या बोटी, चर्चचा चकाकता कळस. हेच बघायला लोक सहलीला येतात, आणि मला याचा पगार मिळणार! तिने वायर जोडली, घरापर्यंत ताणून आणली आणि आत येऊन टीव्ही लावला.

पडदा काळाच.

एकेक जोड तपासत ती मागे गेली. टीव्हीमागचा जोड अर्धवट फिरवलेला होता. तिने तो घट्ट केला, आणि खोलीभर बर्फावरच्या हॉकीच्या प्रेक्षकांचा गलका उसळला. मावशीने टाळ्या वाजवल्या आणि खिडकी उघडून शेजारणीला हाक मारली, "मार्गो, ये लवकर! चित्र काय स्वच्छ आलंय, खेळाडूंचे पडलेले दातसुद्धा मोजता येतात!"

ओडिलने हेक्टरला फोन लावला. "झालं! लागलं!"

"मग मला कशाला उठवलंस?" तो म्हणाला, पण आवाजातलं हसू काही लपलं नाही. "पुढचं घर चर्चमागे आहे. कुत्रा चावरा आहे, जपून."

"येऊ दे कुत्रा!" ओडिल म्हणाली, आणि शिडी व्हॅनवर बांधायला अक्षरशः पळत सुटली.