वीस मिनिटांची खोटी हजेरी

उल्का मोजणं हे काम फुकटचं असलं तरी सोपं नाही. उताणं पडून राहायचं, आभाळावरची नजर काढायची नाही, आणि पडलेल्या प्रत्येक उल्केची वेळ, तिचा उजेड आणि ती कुठल्या राशीकडून आली हे लिहायचं. आता नजर वर असताना लिहायचं कसं? आदल्या वर्षी मी एकटीनेच हा उद्योग केला होता. दर वेळी मान खाली घालून लिहिलं, तेवढ्यात वर दोन निसटल्या. वेळांचा असा काला झाला की मुंबईच्या ज्या हौशी मंडळाकडे मी कागद पाठवला होता, त्यांनी तो साभार परत केला. सोबत एक ओळ होती, लिहायला दुसरा माणूस घ्या. मला इतका राग आला की दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही, नीट जेवलेही नाही. मग २००४ च्या डिसेंबरात मनाशी ठरवलं, याही वेळी कागद परत आला तर हा नाद सोडायचा आणि चारचौघींसारखं रात्री झोपायचं.

दुसरा माणूस घरातच निघाला. माझे सासरे अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. गेटवर बसायचं आणि कोण किती वाजता आत आला ते लिहायचं, हे त्यांचं काम. भोंग्यानंतर आलात की लेट मार्क. एकाचा हजेरीचा बिल्ला दुसऱ्याने टाकताना दिसला की तो यांच्या खणात जमा. सख्ख्या धाकट्या भावाला, तोही अंगाची हळद न उतरलेला, यांनी चार मिनिटांसाठी लेट मार्क लावला होता. तो दिवाळीपर्यंत घराकडे फिरकला नव्हता. आता निवृत्त झाल्यापासून मात्र लिहावं असं त्यांच्यासमोरून कुणी जात नव्हतं.

मी घाबरतच विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गेट किती वाजता उघडतं?"

"अकराला, बाबा. तीनला बंद."

"मध्ये चहाची सुट्टी?"

"नाही."

"मग शिस्त आहे," ते म्हणाले आणि रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावायला उठले.

आरामखुर्ची मी उल्हासनगरच्या बाजारातून आणली. तारे बघायला हवी म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "बहनजी, तारे तो फ्री हैं, कुर्सी का पैसा लगेगा." अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या गच्चीवरून स्टेशनच्या दिव्यांपुढे तारे दिसायची मारामार, म्हणून तेरा तारखेला संध्याकाळी आम्ही दोघं बदलापूरच्या पलीकडे सासूबाईंच्या माहेरी गेलो. भाताची झोडणी झाली होती, खळं मोकळं होतं. सासूबाईंच्या भावाने माझी खुर्ची बघितली आणि विचारलं, "काय गो बाय, आकासान काय हरवलाय तुजा?" मग हसत हसत दोन घोंगड्या आणून दिल्या आणि झोपायला गेला.

बाबा पाटावर बसले. मांडीवर वही, टॉर्चला मिठाईच्या डब्यावरचा लाल कागद बांधलेला, म्हणजे डोळे दिपायला नकोत. मी वर बघत सांगायची, "मिथुन, दोन." म्हणजे मिथुन राशीकडून आलेली, दोन नंबरच्या उजेडाची. खालून आवाज यायचा, "लिहिली." पहिल्या तासातच पस्तीस झाल्या. मध्येच एकदा बाबा म्हणाले, "यांच्यात वेळेवर येणारा एकही नाही गं." मी इतकी हसले की त्या नादात एक निसटली. मला फार, फार मजा येत होती.

तीनला आम्ही वही मिटली. तेव्हा माझ्या अंगावर दोन्ही घोंगड्या होत्या, पण थंडी होती, मी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी घरी फॉर्म भरायला बसले. दोन वाजून पाच मिनिटांनंतरच्या नोंदींपैकी एक अशी होती: "फार मोठी. हिरवी. खळ्यात सावली पडली. मागे धूर राहिला." उजेडाचा आकडाच नाही. सावली पाडणारी हिरवी उल्का, आणि मला आठवत नाही?

"बाबा, ही मी सांगितली?"

"मग कोण सांगणार?" ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"बाबा."

पेपर खाली आला. "तीन हाका मारल्या. मग नाही मारली. पहाटे पाचला उठून डबे करतेस, वर ऑफिस. दोन पाचपासून वीस मिनिटं डोळा लागला तर लागला. माझे डोळे उघडे होते ना? गेल्या वर्षी कागद परत आला तेव्हा तू जेवत नव्हतीस." मग म्हणाले, "तीस वर्षांत खोटी हजेरी ही एकच."

मला हसू आलं आणि रडूही आलं. सख्ख्या भावाला चार मिनिटं न सोडणाऱ्या माणसाने माझ्यासाठी हे केलं होतं. पण जे आपण पाहिलं नाही ते आपल्या कागदावर लिहायचं नाही, हा नियम मंडळाचा असला तरी मुळात बाबांचाच होता. मी त्या वीस मिनिटांतल्या अकरा नोंदींवर रेघ मारली आणि लिहिलं, "२.०५ ते २.२५ झोप लागली."

"झोप काय लिहितेस?" ते कळवळून म्हणाले. "आजारी लिही. निदान रजा लिही!"

मग मी दुसरा कोरा फॉर्म घेतला. निरीक्षक म्हणून त्यांचं नाव घातलं, वेळ वीस मिनिटं, उल्का अकरा. ते नको नको म्हणत राहिले, मी तर लेखनिक, असं. मी म्हटलं, "त्या वेळी गेटवर तुम्हीच होतात, बाबा." त्यावर त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

महिन्याभराने पत्र आलं. दोन्ही कागद स्वीकारले होते, माझा वीस मिनिटं वजा करून. बाबांनी ते पत्र निवृत्तीच्या कागदांबरोबर ठेवलं.

पुन्हा चंद्राशिवायचा डिसेंबर मिळाला तो तीन वर्षांनी. या वेळी खुर्चीत ते आणि पाटावर मी. बसतानाच बजावलं, "मी झोपलो तर दयामाया नको." एकच्या सुमाराला त्यांचं "मिथुन, तीन" थांबलं. मी तीन हाका मारल्या. वर एक लख्ख उल्का पूर्वेकडे गेली, मग आणखी एक. पेन हातात होतं. चौथी हाक का मारवत नाही ते मला तेव्हा कळलं.

मी माझी घोंगडी त्यांच्या अंगावर घातली आणि वहीत लिहिलं, "१.१२ झोपले." सकाळी त्यांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. "सेकंद लिहायचे राहिले," म्हणाले, आणि खूश होऊन चहा मागितला.