घायपातीवर उतारा

भारत रूपसिंग राठोड. जन्म १ जून १९८६, शाळेच्या दाखल्यानुसार. त्याच्याबरोबर तांड्यावरून पहिलीत आलेल्या सर्वच मुलांना गुरुजींनी हीच तारीख बहाल केली होती. व्यवसाय : वणीतील एका गार्डन रेस्टॉरंटात अकरा वर्षे वेटर. त्यापुढे काय, हे ज्या रविवारी ठरले त्याची ही हकिकत.

रेस्टॉरंटाचे जुने गिऱ्हाईक सदाशिवराव यांची कन्या प्रेरणा मेक्सिकोत तीन वर्षे नोकरी करून आली होती. येताना तिने मेस्काल या तिकडच्या दारूची एक बाटली आणली होती, आणि तिला त्यातून धुरकट, तिखट, गोड आणि किंचित कडू असे पेय हवे होते. मालक जीवनशेठ यांनी भारतला बोलावले.

"रविवारी जमलं तर बारचं काउंटर तुझं. नाही जमलं तर एक तारखेपासून नागपूरवाला येऊन राह्यला. तू आपला ट्रे सांभाळ."

चव जुळवण्यासाठी दोन पेग मिळाले होते. ते घेऊन भारत शनिवारी घरी आला. धूर दारूतच मुरलेला होता. त्याने संत्र्याची साल निखाऱ्यावर कडा काळ्या होईतो भाजली, गुळाच्या पाण्यात उकळली आणि त्यात एक भिवापुरी मिरची कुस्करली. चारही चवी उतरल्या खऱ्या. पण एका लग्नातले चार रुसलेले पाहुणे जसे बसावेत तशा जिभेवर चार कोपऱ्यांत बसल्या.

"कशाची व्हय हे?" आई सुखीबाईंनी विचारले.

"घायपातीची, याडी."

सुखीबाईंचा हात थांबला. त्यांनी चाळीस वर्षे घायपात ठेचून दोर वळले होते.

"जिचा रस लागला का तीन दिवस अंगाले खाज राहते, ते घायपात?"

"तिकडची वेगळी राहते. भाजून काढतात."

"भाजली तरी घायपातच. हातावरची खाज खाजवता येते, बापू. पोटातली लोकं कुठून खाजवतीन?"

भारत पुन्हा मिश्रण ढवळू लागला. चौथी बैठक होऊनही पाहुण्यांचा समेट झाला नाही, आणि दोन्ही पेग संपले. रविवारी सकाळी तो पाकाची बाटली पिशवीत ठेवून निघाला.

दुपारी बाराला टेबल भरले. भारतने मेस्काल मोजली, बर्फ घातला आणि पाक ओतला. पाक कालच्यापेक्षा दाट पडला. रंगही काळसर वाटला. दुसरा पाक करायला वेळ नव्हता. त्याने पेला उचलला आणि प्रेरणासमोर ठेवला.

तिने एक घोट घेतला.  मग तिचा हात मानेकडे गेला आणि ती खाजवू लागली.

 याडी खरं सांगत होती, एवढेच भारतच्या मनात आले.

"काय झालं वं?" सदाशिवरावांनी विचारले.

"डास आहे, बाबा." तिने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. "भारतदादा, हे यात आंबट काय आहे? त्यानंच सगळं जुळून आलं."

"मले माहीत नाही, मॅडम," भारत प्रामाणिकपणे म्हणाला. "मायले इचारून सांगतो."

त्याने तिथेच फोन लावला. सुखीबाईंचा आवाज फोनबाहेर दोन टेबलांपर्यंत ऐकू येत असे.

"पाकात काय टाकलं याडी?"

"चिंचेचा कोळ. सुरणाची खाज त्यानंच मरते, मंग घायपातीची काहून नाही मरणार? कोनी खाजवून राह्यलं का?"

"एक जण. पण डास व्हता."

"डास नाही व्हय. चिंच कमी पडली."

जीवनशेठ यांनी त्याच दुपारी नागपूरवाल्याला न येण्याचे कळवले आणि मुंबईहून मेस्कालच्या बाटल्या मागवल्या. सोमवारपासून भारत काउंटरवर उभा राहू लागला. आईच्या हट्टामुळे चिंचेचे प्रमाण दीडपट झाले आणि त्यानंतर एकाही गिऱ्हाइकाने खाजवल्याचे आढळलेले नाही. सुखीबाई हा पुरावा मानतात.

पेयाला त्यांचेच नाव द्यायचे ठरले. मेनूकार्ड छापणाऱ्याने मात्र 'सुखी'ऐवजी 'सुकी' छापले. परिणामी गिऱ्हाइके ते पेय सुके मटण समजून भाकरीबरोबर मागवतात, आणि भारतला दररोज किमान दोघांना समजावून सांगावे लागते की सुकी पातळ असते आणि तिच्यात तुकडे येत नाहीत. 'क'चा 'ख' करून देण्याचे जीवनशेठ यांनी दसऱ्याला कबूल केले होते. तेवढे अद्याप बाकी आहे.